आबांना गाडीत झोप लागायची नाही

शंभर फुटी रोडला लागले आणि फोन वाजायला लागला. शाळा नुकतीच सुटली होती, व्हॅनमध्ये मागं मुलांचा नुसता बाजार भरला होता, कुणाची बाटली सांडलेली, कुणाचा एक बूट सीटखाली गेलेला... फोन वाजून वाजून थांबला, परत वाजला, परत थांबला. मी उचलला नाही. गाडी चालवताना फोनला हात लावायचा नाही, साक्षात यमाचा फोन आला तरी नाही, असं आम्हाला शिकवलेलं. ‘त्येला म्हनावं, पोरं घरी सोडून येती, मग काय ते बोल,’ असं आबा म्हणायचे. शेवटची मुलगी तिच्या आजीच्या हातात दिली, दार सरकवून लावलं आणि मग बघितलं, तर सगळे फोन सुनीताताईंचे. आबांच्या लेकीचे. मी लावला तेव्हा त्या नुसतं ‘छाया...’ एवढंच म्हणाल्या आणि पुढचं मला कळलं. गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, चारी इंडिकेटर लावले, इंजिन बंद केलं, हँडब्रेक ओढला आणि मग रडले. हाही त्यांचाच नियम. ‘स्टेरिंगवर रडायचं न्हाई. डोळ्यात पानी आलं की रस्ता दिसत न्हाई. रडायचं तर गाडी बाजूला घ्या, आन् मग नवऱ्याच्या नावानं, देवाच्या नावानं काय बोंबलायचं ते बोंबला.’ त्या दिवशी मी त्यांच्याच नावानं बोंबलले. एक रिक्षावाला थांबून विचारून गेला, ताई पंक्चर झाली का म्हणून.

आबा म्हणजे हवालदार आनंदराव. साताऱ्याजवळच्या एका गावचे. त्या गावात घरटी एक माणूस फौजेत, आणि उरलेले ऊस लावून फौजेतल्या माणसाच्या सुट्टीची वाट बघणारे. आबांनी अख्खी नोकरी पहाडात ट्रक चालवण्यात घालवली. पेन्शनीत आले, गावी थोडी वर्षं राहिले, पण काकू, म्हणजे त्यांची बायको, गेल्या आणि घर खायला उठलं, म्हणून सांगलीला विश्रामबागेत लेकीकडं आले. जावई कॉलेजच्या ऑफिसात, लेक शिकवण्या घेणारी, फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. आबांना दिवसभर काम काय, तर खिडकीत उभं राहून खालच्या लोकांच्या ड्रायव्हिंगला शिव्या देणं. डोक्याला सकाळी खोबरेल तेल चोपडायचे, केस फौजी कापलेले, आणि सोफ्यावर बसून बसून सोफ्याच्या पाठीवर त्यांच्या डोक्याचा ठसा उठलेला. सुनीताताई वैतागायच्या, कव्हर बदलायच्या, दोन दिवसांत परत ठसा.

आमची वस्ती नदीच्या बाजूला. महापुरात पाणी घरात आलं, गेलं, आणि जाताना निम्मं घर घेऊन गेलं. आमचे हे, संजय, हळदीच्या यार्डात हमाली करायचे. पोती उचलून उचलून मणक्यानं एक दिवस जागा सोडली आणि डॉक्टरनं सांगितलं, आता वजन उचलायचं नाव काढायचं नाही. मी दहावी पास, दोन घरची धुणीभांडी, आणि तोंड मात्र वकिलासारखं, असं शेजारीण म्हणायची. वस्तीत एका संस्थेनं केंद्र काढलं होतं, आमच्यासारख्यांना काहीतरी शिकवून कामाला लावायचं म्हणून. शिलाई, पार्लर, थोडं कॉम्प्युटर. मी शिलाईत नाव घातलं आणि आठवड्यात कळलं की सुईचं आणि माझं जमत नाही. नेमकं त्याच दिवशी आबा केंद्रात आले. वर्तमानपत्रात वाचून आले होते, फुकट काम करायला. केंद्राच्या बाईंनी विचारलं, आजोबा, तुम्ही काय शिकवणार? आबा म्हणाले, ‘डायवरी.’ बाई म्हणाल्या, आमच्याकडं सगळ्या बायकाच आहेत हो. आबांनी असं बघितलं त्यांच्याकडं, जणू त्या परदेशी भाषेत बोलल्या. ‘आवं मग? क्लचला कळतंय व्हय, वरचा पाय बाईचा हाय का बापयाचा?’ मी शिलाईच्या मशीनवरून उठले ती थेट त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिले. म्हटलं, आबा, माझं नाव घाला.

संस्थेनं कुठून तरी एक जुनी पांढरी गाडी मिळवली. तिला आम्ही ‘म्हातारी’ म्हणायचो, कारण ती चढ आला की कण्हायची. आम्हाला वाटलं, पहिल्याच दिवशी स्टेरिंग हातात मिळणार. कसलं काय! आबांनी पहिल्यांदा शिकवलं काय, तर शेजारी बसायला. स्वतः गाडी चालवायचे आणि आम्हाला एकेकीला पाळीपाळीनं डाव्या बाजूला बसवायचे, आणि जे जे दिसंल ते मोठ्यानं सांगायला लावायचे. ‘उजवीकडनं सायकल.’ ‘म्होरं कुत्रं.’ ‘टेम्पोचं दार उघडं.’ शबाना आमच्यातली सगळ्यांत गप्प, ती नुसती बघत बसायची, तर तिला म्हणायचे, ‘पोरी, मनात बघून चालत न्हाई. डायवरला तुज्या मनातलं कसं कळंल?’ फौजेत शेजारी बसणाऱ्याचं काम ड्रायव्हरइतकंच असतं म्हणे. त्यानं रस्ता बघायचा, बोलत राहायचं, ड्रायव्हरला जागं ठेवायचं. आणि सगळ्यांत मोठं म्हणजे, स्वतः झोपायचं नाही. आम्ही ऐकून घेतलं, पण मनात म्हटलं, हा म्हातारा आपल्याला गाडी शिकवतोय का कीर्तनाला बसवतोय!

पुढं स्टेरिंग मिळालं. माझी उंची बेताची, बॉनेटच्या पलीकडचं काही दिसेना. आबांनी शिलाईच्या वर्गातून एक जाडजूड उशी शिवून घेतली, माझ्या बुडाखाली घातली आणि म्हणाले, ‘बस राणीसाहेब.’ ती उशी अजून माझ्या व्हॅनमध्ये आहे, कव्हर तेवढं बदललंय. शिकवताना ते कधी ओरडले नाहीत. गाडी बंद पडली तर ‘आराम से, आराम से’ म्हणायचे, फौजी हिंदीत. ताठ बसायचे, पाठ सीटला कधी टेकायची नाही. घरच्या सोफ्याला तेलाचा ठसा, पण म्हातारीच्या सीटला कधी डाग पडला नाही, कारण डोकं टेकतच नव्हतं. मांड्यांवर दोन्ही हात, डोळे समोर. आरटीओची ट्रायल झाली, आम्हाला लायसनं मिळाली, आम्ही पेढे घेऊन गेलो. आबांनी पेढा तोंडात टाकला आणि म्हणाले, ‘सरकारनं पास केलं. मी अजून केलं न्हाई.’ आम्ही विचारलं, मग तुमची परीक्षा काय? तर म्हणाले, ‘ज्या दिवशी तुज्या गाडीत मला झोप लागंल, त्या दिवशी तू डायवर.’

आम्ही हसलो. आम्हाला वाटलं, सोपं आहे, म्हाताऱ्या माणसाला दुपारी झोप येतेच की. पण सुनीताताईंनी सांगितलं तेव्हा डोळे पांढरे झाले. म्हणाल्या, आबा जन्मात गाडीत झोपलेले नाहीत. एसटीत नाही, रेल्वेत नाही. ताईंच्या लग्नाच्या वेळी वऱ्हाड निघालं, सगळे लोक बसमध्ये घोरत होते आणि नवरीचा बाप ड्रायव्हरच्या शेजारी इंजिनावर बसून त्याला फौजेतल्या गोष्टी सांगत होता. ड्रायव्हर शेवटी हात जोडून म्हणाला म्हणे, साहेब, तुम्ही झोपा, तुमच्या गोष्टींनी मलाच झोप यायला लागली!

का झोपत नव्हते, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. माधवनगर रस्त्याला चहाच्या गाड्यावर आम्ही थांबलो होतो. मी थट्टेत म्हटलं, आबा, फौजेनं तुमची झोप जप्त केली काय? ते बशीतला चहा पिता पिता थांबले. म्हणाले, ‘बर्फाचा रस्ता हुता. जोडीदार चालवत हुता, मी शेजारी. त्येला म्हनलं, तू चालीव, मी बोलतो तुज्याशी. आन् बोलता बोलता डोळा लागला... त्याचा न्हाई गं. माजा.’  मी पुढचं विचारलं नाही. ते जिवंत होते आणि जोडीदाराचं नाव त्यांनी घेतलं नाही, यातच सगळं आलं. मग बशी खाली ठेवून म्हणाले, ‘चल. उजेड हाय तवर रिव्हर्स करून घिऊ.’

त्या दिवसापासून माझ्या डोक्यात एकच खूळ बसलं. या माणसाला माझ्या गाडीत झोप लागली पाहिजे. लायसन सरकारनं दिलेलं, ते पाकिटात होतं. पण ज्या माणसानं आयुष्यभर कुणाच्याच हातावर भरवसा टाकून डोळा मिटला नाही, त्यानं माझ्या हातावर मिटावा, असं मला फार, फार वाटायचं. कुणाला सांगितलं असतं तर वेडी म्हणाले असते. मी युक्त्या केल्या. हळू चालवून बघितलं, खड्डे चुकवून बघितलं, जुन्या भावगीतांची टेप लावून बघितली. एकदा तर दसऱ्याच्या सुमाराला घरी जेवायला बोलावलं, पुरणपोळीवर तुपाची धार धरली, एकावर एक वाढत गेले, वर कटाची आमटी, आणि उन्हाच्या रखरखीत भरल्या पोटी गाडीत बसवलं. म्हटलं, आता बैलसुद्धा झोपंल. आबा मांड्यांवर हात ठेवून ताठ बसले आणि सांगलीवाडीच्या पुढं गेल्यावर म्हणाले, ‘छाया, पुरनपोळीनं लायसन मिळत न्हाई गं.’ मी इतकी ओशाळले की पुढच्या गतिरोधकावर गाडी आपटली.

शिकून झालं की केंद्राचं काम संपायचं. आबांचं संपायचं नाही. ‘कामाला लावल्याबिगर शिकीवल्यालं हातात ऱ्हात न्हाई,’ असं म्हणायचे आणि टोपी घालून बाहेर पडायचे. शाळा, दवाखाने, बंगले, सगळीकडं जायचे. बाई ड्रायव्हर ठेवता का? लोक पाणी द्यायचे, हसायचे, नाही म्हणायचे. एका ठिकाणी तर म्हणाले, आजोबा, तुम्ही स्वतः शेजारी बसत असाल तर ठेवतो. आबा म्हणाले, ‘बसतो की!’ आणि खरंच महिनाभर एका डॉक्टरीणबाईंच्या गाडीत शबानाच्या शेजारी बसले. त्या बाईंना आता शबानाशिवाय करमत नाही, मिरजेला तिनंच न्यायचं, तिनंच आणायचं.

माझी गोष्ट मात्र नाट लागल्यासारखी झाली, आणि ती का झाली ते आमच्याकडच्या माणसाला सांगायची गरज नाही. शाळेच्या व्हॅनवाल्या पाटलांकडं आबांनी मला मुलाखतीला नेलं. पाटलांनी सगळं विचारलं, मी सगळं नीट सांगितलं. शेवटी ते म्हणाले, पोरांची सहल निघाली, घाटातून गाडी न्यायची झाली, तर जमेल का? आता आमच्याकडं ‘हो, जमतंय’ असं तोंड वर करून कोण म्हणतं? तसं म्हणणं म्हणजे आगाऊपणा. मी मान खाली घातली आणि पदर सारखा करत म्हणाले, ‘बगू की.’ माझ्या मनात त्याचा अर्थ, का नाही जमणार, आत्ता किल्ली द्या. आमच्यात ‘जेवायला ये’ म्हटलं की माणूस ‘बगू की’ म्हणतो आणि बायकापोरांसकट हजर होतो. पण पाटलांचं बालपण पुण्यात गेलेलं. त्यांनी आबांना बाजूला घेऊन सांगितलं, बाईंचं मन दिसत नाही हो, त्या बघू म्हणतायत. गेली नोकरी.

आबा रस्त्यावर आले, टोपी काढली, डोकं चोळलं. मला वाटलं आता शिव्या बसणार. पण ते म्हणाले, ‘चूक तुजी न्हाई. ह्या शब्दांची हाय. ह्या दोन शब्दांनी आपल्या मुलखाची लय माणसं घरी बसल्यात.’ आणि दुसऱ्या दिवशी केंद्राच्या भिंतीवर खडूनं मोठ्या अक्षरांत ‘बगू की’ लिहिलं आणि त्यावर फुली मारली. नियम असा, की जी बाई म्हणेल तिनं म्हातारी धुवायची, आतून-बाहेरून, काचांसकट. आणि मग मुलाखतींची तालीम सुरू झाली. आबा जावयाचा गॉगल लावून साहेब व्हायचे, खुर्चीत रेलायचे, पायावर पाय टाकायचे. ‘बाई, रात्री गाडी चालवणार?’ ‘चालवते.’ ‘पावसात?’ ‘चालवते.’ ‘घाटात?’ मग एखादी चुकायचीच, जीभच तशी वळलेली, आणि आम्ही सगळ्या ‘धू गाडी! धू गाडी!’ म्हणून ओरडायचो. एकदा केंद्राच्या बाईंनी आबांना विचारलं, पुढच्या महिन्यात नवी तुकडी घ्याल का? आबा सवयीनं म्हणाले, ‘बगू की...’ आणि जीभ चावली. आम्ही सोडतोय होय! फौजेतला माणूस, विजार गुडघ्यापर्यंत दुमडून, बादली-फडकं घेऊन म्हातारी धुवायला लागला. शबाना, जी कधी बोलायची नाही, ती काचेवर बोट ठेवून म्हणाली, आबा, हितं डाग ऱ्हायला. त्या दिवशीइतकं हसलेलं मला आठवत नाही.

पाटलांकडं आबा मला परत घेऊन गेले. या वेळी त्यांनी विचारायच्या आधीच मी म्हणाले, ‘घाटात जमतं. पुढं काय विचारायचंय?’ पाटील हसले आणि किल्ली दिली. घरी जाऊन संजयना सांगितलं, तर ते उठले आणि कमरेचा पट्टा आवळून माझ्यासाठी चहा टाकला. तेव्हापासून आजपर्यंत पहाटेचा चहा त्यांच्याकडं. वस्तीतल्या बायका चिडवायच्या, ‘छाया डायवर, नवरा क्लीनर’. संजय म्हणायचे, क्लीनर तर क्लीनर, मालकिणीच्या गाडीवर आहे ना!

पहिले काही दिवस मला आरशात एक स्कूटर दिसायची. प्रत्येक चौकात, थोडं अंतर राखून. हेल्मेट घातलेला माणूस, पाठ ताठ. ओळखायला वेळ लागला नाही. मी ओळख दाखवली नाही. मुलं सोडून परत यायचे, तर ते कोपऱ्यावर भाजी घेत असल्याचं सोंग करायचे. एक दिवस आरशात स्कूटर दिसली नाही आणि माझा जीव टांगणीला लागला. संध्याकाळी त्यांच्या घरी गेले, म्हटलं, आबा, आज का आला नाहीत? ते सोफ्यावर डोकं टेकून पेपर वाचत होते. ‘कुठं?’ म्हणाले. पेपरच्या आडून पुन्हा म्हणाले, ‘आता गरज न्हाई वाटली.’ मी खूश व्हायला पाहिजे होतं. पण मला रागच आला, खरं सांगते. मागं कुणी नाही ही गोष्ट सवयीची व्हायला मला बरेच दिवस लागले.

मग वर्षं गेली. पाटलांनी धंदा आवरला तेव्हा ती व्हॅन मीच हप्त्यानं घेतली. नव्या नव्या तुकड्या आल्या, आबा शिकवत राहिले, म्हातारी भंगारात गेली, दुसरी गाडी आली. भेटले की मी विचारायची, ‘आबा, कुणाच्या गाडीत झोप लागली का?’ ते म्हणायचे, ‘छ्या! डोळा पन लागला न्हाई.’ मला बरं वाटायचं. माझ्या गाडीत नाही तर नाही, पण दुसऱ्या कुणाच्या गाडीत लागली असती तर मला ते सोसलं नसतं.

गेल्या साखर हंगामात त्यांना पोटाचं दुखणं लागलं. मिरजेला तपासण्या झाल्या, माणूस बघता बघता निम्मा झाला. डॉक्टरांनी ताईंना बाहेर बोलावून काय सांगायचं ते सांगितलं. आबांना कुणी काही सांगितलं नव्हतं, पण त्यांना कळलं होतं. म्हणाले, मला गावी न्या. ताईंनी रुग्णवाहिका ठरवली, तर आबा पलंगावर उठून बसले. ‘अँब्युलन्स नको. आडवा होऊन मी कुठं जात न्हाई. छायाला सांगा, गाडी आन म्हनावं.’

मी गेले. आदल्या दिवशी व्हॅन धुऊन, पुसून, हवा बघून ठेवली होती. मागच्या सीटवर गादी घातली होती, पण आबांनी तिकडं बघितलंसुद्धा नाही. संजयनी दार धरलं, जावयांनी आधार देऊन त्यांना पुढं डाव्या बाजूला बसवलं, मी पट्टा लावला. अंगात काही उरलं नव्हतं, पट्टा सैल करायच्या ऐवजी आवळावा लागला. ताई मागं बसल्या. मी किल्ली फिरवली आणि आबांनी मांड्यांवर हात ठेवले, पाठ ताठ केली. आवाज बारीक झाला होता, पण काम चालू. ‘डावीकडं उसाची ट्रॉली... म्होरं मोटरसायकल, दोन बायका मागं... खड्डा.’ पेठ नाक्यापर्यंतचा रस्ता ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको, तिथं नुसतं ‘खड्डा’ म्हणत बसलं तरी माणूस दमेल. मी जमेल तितकी मऊ चालवली. आबा दिसेल ते सांगत होते आणि मी ‘दिसलं आबा, दिसलं’ म्हणत होते.

हायवेला लागलो, कराड मागं पडलं. थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं की शेजारून काही आवाज येत नाही. समोर ट्रॉली होती आणि कुणी मला ‘ट्रॉली’ म्हटलं नव्हतं.  मान वळवायची नाही हाही नियम, म्हणून मी नुसता वेग कमी केला आणि कान दिला... आणि ऐकू आलं. आबा घोरत होते. बारीक, संथ, एखादं मांजर चुलीपाशी झोपावं तसं. मागून ताई कुजबुजल्या, ‘छाया... आबा झोपलेत गं.’   माझ्या डोळ्यांत पाणी भरून आलं आणि मी मनात म्हटलं, छाये, स्टेरिंगवर रडायचं नाही, आज तर अजिबात नाही, आज तुझ्या शेजारी एक माणूस झोपलाय. मी पापण्या मिटमिटवून पाणी गिळलं. पुढं सातारा येईपर्यंत मी रस्त्याकडं असं बघितलं, जसं त्यांनी मला पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं. उजवीकडनं सायकल. पुढं कुत्रं. सगळं मोठ्यानं नाही, मनात.

त्यांच्या घराच्या अंगणात गाडी उभी केली, हँडब्रेक ओढला, तेव्हा त्या आवाजानं ते जागे झाले. इकडं तिकडं बघितलं, आंबा ओळखला, दार ओळखलं. ‘कवा आलो?’ म्हणाले. मी म्हटलं, ‘आबा, झोपला होता की तुम्ही.’ ‘कोन, मी? डोळं मिटून इचार करत हुतो.’ मी म्हटलं, ‘घोरत घोरत?’ ताई मागून रडत रडत हसायला लागल्या. मग मी थट्टा सोडली. इतक्या वर्षांचं विचारायचं होतं ते विचारलं. ‘आबा, आता तरी पास का?’ त्यांनी माझ्याकडं बघितलं, अगदी सावकाश, नजर तीच, फौजी. आणि म्हणाले, ‘बगू की.’

‘आबा!’ ताई ओरडल्याच. ‘गाडी धुवायला लागंल आता!’

आबांचा चेहरा खुलला. मुद्दाम म्हणाले होते, डोळ्यांत दिसत होतं. ‘धुतो की. नियम म्हंजे नियम. जरा बरा हुतो, मग धुतो. तवर तशीच ऱ्हाऊ दे.’

बरे झाले नाहीत. थोडक्या दिवसांतच तो फोन आला, मुलं गाडीत असताना. दहाव्याला आम्ही सगळ्या गेलो, शबाना तिच्या डॉक्टरीणबाईंची गाडी घेऊन, मी व्हॅन घेऊन, केंद्रातल्या जुन्या-नव्या मिळून दोन्ही गाड्या भरल्या. गावकरी बघत राहिले, गाड्या बायका चालवत आल्या म्हणून. एक म्हातारे मला म्हणाले, ‘आनंदानं ह्या सगळ्यांस्नी शिकीवलं व्हय?’ मी म्हटलं, व्हय. ‘त्यो गाडीत कदी झोपायचा न्हाई बगा,’ ते म्हणाले. मी म्हटलं, माझ्या गाडीत झोपले. म्हातारे माझ्या तोंडाकडं बघत राहिले, त्यांना पटलं नसावं.

मलाही मधूनच शंका यायची, खोटं कशाला बोलू. आबा नाटकी होते, गॉगल लावून साहेब व्हायचे, भाजी घेतल्याचं सोंग करायचे. मला बरं वाटावं म्हणून डोळे मिटून घोरलेही असतील, काय सांगावं? पण त्यांना सोडून परत आले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, वस्तीत गाडी पुसायला घेतली, तेव्हा ऊन तिरपं आलं होतं. पुढच्या डाव्या काचेवर, आतल्या बाजूनं, खोबरेल तेलाचा एक गोल ठसा होता. सोफ्याच्या पाठीवर असायचा अगदी तसा. खाली थोडा ओघळलेला, खड्ड्याखड्ड्याला डोकं घसरत गेलेलं. ज्या माणसाची पाठ कधी गाडीच्या सीटला टेकली नाही, त्याचं डोकं काचेवर पडलं होतं, तो जागा असता तर पडू दिलं नसतं.

मी व्हॅन दर रविवारी धुते. मागच्या सीटवरची मुलांची बिस्किटं काढते, टायर घासते, आरसे लखलखीत करते. संजय वाकू शकत नाहीत, पण काचा बाहेरून तेच पुसतात, आतून मी. परवा फिरत फिरत पुढच्या डाव्या काचेपाशी आले आणि म्हणाले, ‘छाया, ही काच आतनं दर बारीला ऱ्हातीया बघ.’

म्हटलं, ‘ऱ्हाऊ दे. ती आबांकडं हाय.’

त्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा काचेकडं. मग फडकं पिळून दोरीवर वाळत टाकलं आणि चहा टाकायला आत गेले.